आत्याच्या शिलेवरच्या सहा ओळी

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, मूळचे अलिबागकडचे. पूर्वी गावात आम्हाला ‘शनवार तेली’ म्हणत, कारण आमचे पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथला, विश्रांतीचा दिवस म्हणून तो बंद ठेवायचे. घरची बोली मराठी, प्रार्थनेची भाषा हिब्रू. माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांना हिब्रू अक्षरं लावून वाचता येतात, पण अर्थासाठी शेजारच्या पानावरचं मराठी भाषांतर लागतं. त्यामुळे कबरीच्या दगडावर हिब्रू मजकूर कोरायची वेळ आली की बहुतेक घरांत आधीच्या एखाद्या दगडाचा फोटो काढतात, नाव-तारीख बदलतात आणि कारागिराकडे देतात. त्यात गैर काही नाही. पण आत्याच्या दगडासाठी मला तसं करता येईना.

आत्यानं लग्न केलं नव्हतं. मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात ती नर्स होती. नोकरीतली बरीचशी वर्षं तिनं रात्रपाळी केली आणि दिवसा आम्हा भावंडांना सांभाळलं. आमची आई लवकर गेली, त्यामुळे आमच्या शाळा, आजारपणं, परीक्षा हे सगळं तिच्यावरच होतं. बायकांच्या दगडांवर नेहमी येणारा मजकूर असतो अमक्याची पत्नी, लाडकी आई, प्रेमळ आजी. त्यातलं एकही नातं तिला लागू नव्हतं. ते शब्द गाळले तर खाली नाव आणि तारीख एवढंच उरत होतं.

दफनानंतर काही महिन्यांनी पप्पा आणि मी वरळीच्या दफनभूमीत गेलो, ते खास दगड वाचायला. ही दफनभूमी ज्या डॉ. ई. मोझेस रोडवर आहे, ते एलायजा मोझेस राजपूरकर आमच्याच समाजातले, १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर होते. जुन्या दगडांवर हिब्रू, मराठी, इंग्रजी अशा तिन्ही लिप्या एकाखाली एक दिसतात. काही ठिकाणी फक्त मराठी आहे. पप्पा मराठी वाचत गेले, मी हिब्रू. सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द जवळजवळ सगळीकडे ठरलेले असतात, हे तिथेच लक्षात आलं. वर बहुतेक ठिकाणी पे आणि नून ही दोन अक्षरं. ‘पो निक्बेरा’, म्हणजे ‘इथे पुरली आहे’, त्याची ही आद्याक्षरं. पुरुषासाठी क्रियापद बदलतं, पण आद्याक्षरं तीच राहतात. काही दगडांची सुरुवात ‘मसेबेथ केबूराथ’ अशी आहे. हे शब्द पवित्र शास्त्रातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाच्या पस्तिसाव्या अध्यायातले. राहेल वाटेत बाळंतपणात गेली तेव्हा याकोबानं तिच्या कबरीवर दगड उभा केला, तिथले. आम्ही पे-नून घेतलं. अक्षरं कमी लागतात आणि वरची जागा मोकळी राहते.

सगळ्यात खाली पाच अक्षरं असतात: ताव, नून, सादे, बेथ, हे. पूर्ण वाक्य असं, की तिचा जीव जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात अबीगईल दावीदाला जे म्हणते, त्यावरून ते आलं आहे. ही पाच अक्षरंसुद्धा स्त्री-पुरुष दोघांना चालतात. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या ओळीचा प्रश्न मिटला. मधल्या चार ओळींचाच काय तो प्रश्न होता.

पहिला प्रश्न नावाचा. आत्याचं कागदोपत्री नाव मेरी. नर्सिंगच्या शाळेपासून पेन्शनच्या पुस्तकापर्यंत तेच. घरात ती बेबी. हिब्रू नाव कुणालाच खात्रीनं सांगता येईना. पप्पा म्हणाले मिर्याम असणार, मेरीचं मूळ तेच. पण ‘असणार’ एवढ्या भरवशावर दगड कोरायचा नव्हता. शेवटी आजोबांच्या जुन्या प्रार्थनापुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर ते सापडलं. आजोबांनी मुलांच्या जन्माच्या नोंदी तिथे केल्या होत्या, मराठीत, बोरूनं लिहिल्यासारख्या जाड अक्षरात. प्रत्येक नोंदीत तिथी, वार आणि नाव. आत्याच्या नोंदीत ‘कन्या. पाळण्यातले नाव मिर्याम’ एवढंच होतं. पप्पांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मोशेला टोपलीत घालून नदीकाठच्या लव्हाळ्यात ठेवलं तेव्हा लांबून त्याच्यावर लक्ष ठेवणारी बहीण ती मिर्याम, हे पप्पांनीच मला सांगितलं.

आजोबांच्या नावाचंही तसंच. गावात त्यांना समाजी म्हणत, सातबाऱ्यावरही समाजीच आहे. आमच्या जुन्या पिढ्यांत शेमुएलचा समाजी, इझिकिएलचा हसाजी, बेन्यामिनचा बेनजी होत असे. मुंबईतली आमची सर्वांत जुनी मशीद (सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळाला, आमची जुनी माणसं मशीदच म्हणायची) १७९६ मध्ये ज्यांनी बांधली, त्या सॅम्युएल इझिकिएल दिवेकरांनाही लोक समाजी हसाजी म्हणूनच ओळखत. दगडावर मात्र शेमुएल हवं होतं. ‘मिर्याम बथ शेमुएल’, म्हणजे शेमुएलची मुलगी मिर्याम. आईचं नाव घालायचं का, यावर थोडी चर्चा झाली. सिनेगॉगमधले वयस्कर हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, म्हणाले, आपल्याकडे बापाचं नाव घालतात. इस्राएलमधल्या अश्दोदला राहणारा माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, तो म्हणाला की तिकडे हल्ली अनेक दगडांवर दोघांची नावं असतात. आजी तिच्या शेवटच्या दहा वर्षांत आत्याजवळ होती, तिचं सगळं आत्यानं केलं. पप्पांनी ‘वे-रिबका’, म्हणजे ‘आणि रिबका’, असं आजीचं नाव घालायला सांगितलं. हज्जानकाकांनी मान डोलावली, म्हणाले, अडचण काहीच नाही.

खरी अडचण नावाच्या आधी लागणाऱ्या शब्दाची होती. विवाहित बाईच्या नावाआधी आदरानं ‘मारत’ लावतात. अविवाहितेसाठी जुन्या दगडांवर ‘हा-बेथुला’ लिहायची पद्धत होती, म्हणजे कुमारिका. हज्जानकाकांनी तीच सुचवली, आणि त्यात त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या लहानपणी त्यांनी तेच पाहिलं होतं. पण ऐंशी पार केलेल्या, हजारो लोकांची शुश्रूषा केलेल्या बाईची ओळख कायमची त्या एका शब्दात करून द्यायची, हे मला सोसत नव्हतं. मी काही बोलायच्या आत पप्पा म्हणाले, “काका, बेबीनं काय केलं ते लिहू या. काय केलं नाही ते कशाला?” काकांनी थोडा विचार केला आणि मारत हा मुळात आदराचाच शब्द आहे, तो चालेल, असं स्वतःच सांगितलं. मला वाटतं ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांनी आधीच बोलून घ्यावं. आपल्या समाजातल्या ज्येष्ठांना नीट कारण सांगितलं की ते ऐकतात. आपण न विचारता परस्पर काही केलं तर त्यांना लागतं.

तिसरी ओळ नात्याची. ही अश्दोदच्या दादानं सुचवली: ‘अहोथ वे-दोदा अहूबा’, लाडकी बहीण आणि आत्या. तिकडच्या बोलीत नर्सलाही अहोथच म्हणतात, जसं आपण वॉर्डात सिस्टर म्हणतो. म्हणजे तिकडून कुणी आलं आणि हा दगड वाचला तर तिचा पेशाही त्यांना कळेल. या ओळीवर कुणाचंच दुमत झालं नाही.

चौथी ओळ वचनाची, आणि तिनं सगळ्यात जास्त वेळ घेतला. बाईच्या दगडावर ‘एशेथ हायिल’, म्हणजे ‘कर्तबगार स्त्री’, घालायची रीत जुनी आहे. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातला हा भाग, दहापासून एकतिसापर्यंतची बावीस वचनं, हिब्रू वर्णमालेतल्या बावीस अक्षरांच्या क्रमानं लिहिलेली. शुक्रवारी संध्याकाळी घरोघर म्हणतात. बाईसाठीचा हश्काबा, म्हणजे मृताच्या नावानं करायची प्रार्थना, सुरूच याच वचनांनी होते. पण त्यातली बाई संसारी आहे. तिच्या नवऱ्याचा तिच्यावर भरवसा आहे, तो वेशीत वडीलधाऱ्यांबरोबर बसतो, तिची मुलं उठून तिला धन्य म्हणतात. माझ्या एका चुलतबहिणीला वाटलं की आत्यासाठी हे वापरणं ओढूनताणून होईल.

मला तसं वाटत नव्हतं, आणि त्याला आधारही होता. रूथच्या पुस्तकात तिसऱ्या अध्यायात बोअज रूथला हेच शब्द म्हणतो, तू एशेथ हायिल आहेस. त्या वेळी ती तरुण विधवा होती, पोटी मूल नव्हतं, दुसऱ्यांच्या शेतात सरवा वेचून सासूला जगवत होती. तिच्यासाठी ते शब्द वापरायला बोअजाला कसली अडचण आली नाही, मग आम्हाला का यावी? एवढं बोलणं झाल्यावर बहीण तयार झाली. तरी नुसतं ‘एशेथ हायिल’ घालून थांबावं असं वाटेना, कारण ते शेजारच्या प्रत्येक दुसऱ्या दगडावर आहे. मग आम्ही बावीसच्या बावीस वचनं एकेक करून वाचली, हिब्रू आणि मराठी दोन्ही. काही ठिकाणी मयताच्या नावाच्या पहिल्या अक्षराचं वचन निवडतात, ते बघितलं. मिर्याममधल्या मेमचं, म्हणजे ‘म’चं, वचन अंथरुणं-पांघरुणं आणि तलम जांभळ्या वस्त्रांचं निघालं. आत्या जन्मभर पांढऱ्या साडीत राहिली. ते सोडून दिलं.

अठराव्या वचनाच्या दुसऱ्या भागाशी आलो तेव्हा पुढे वाचायची गरज उरली नाही. ‘लो यिख्बे बल्लैला नेरा.’ रात्री तिचा दिवा मालवत नाही.

वॉर्डात रात्री ती टेबलावरच्या दिव्याला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळायची, पेशंटच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून. लहानपणी एकदा मला ताप होता आणि घरी कुणीच नव्हतं, तेव्हा तिनं मला ड्यूटीवर सोबत नेलं होतं. मेट्रनच्या परवानगीनं मी कोपऱ्यातल्या बाकावर झोपले. जाग आली तेव्हा कागदाच्या कडेवर तपकिरी डाग पडला होता, आणि आत्या त्या पिवळ्या उजेडात तक्ते भरत होती. मी हे सांगितल्यावर पप्पा म्हणाले, हेच वचन.

दादानं त्यात एक बारकावा दाखवला, जो मला माहीत नव्हता. या वचनात ‘रात्री’ हा शब्द मूळ संहितेत शेवटच्या ‘हे’ या अक्षराशिवाय लिहिलेला आहे, पण वाचताना ते ‘हे’ धरून वाचतात. पवित्र शास्त्रात अशी कितीतरी ठिकाणं आहेत, लिहायचं एक आणि वाचायचं दुसरं. दगडावर कुठलं घ्यायचं? हज्जानकाकांनी आपला तनख, म्हणजे हिब्रू पवित्र शास्त्र, काढला, पान उघडून समासातली खूण दाखवली आणि म्हणाले, दगड लोक वाचणार आहेत, तेव्हा वाचतात तसं कोरा. आम्ही ‘हे’ धरून कोरायचं ठरवलं.

पाचवी ओळ तारखेची. इथे सांभाळायला लागतं. आत्या २४ मार्च २०२४ रोजी गेली, होळीच्या संध्याकाळी. दाखल्यावर वेळ पावणेआठची आहे. त्या दिवशी पूरिम हा आमचा सण होता. आमची जुनी माणसं पूरिमला होळीचा सणच म्हणत, कारण दोन्ही पौर्णिमेच्या आसपास येतात. दादाला फोन केला तेव्हा अश्दोदला दुपारचे सव्वाचार वाजले होते, लख्ख ऊन होतं, पोरं पूरिमची सोंगं घेऊन रस्त्यावर खेळत होती. त्यामुळे त्याच्या मनात तारीख बसली ती हिब्रू अदार महिन्याची चौदा. पण हिब्रू दिवस सूर्यास्ताला बदलतो आणि तिथी धरायची ती माणूस जिथे गेलं तिथली. मुंबईत सूर्य सातच्या आधीच मावळला होता, पावणेआठला पूर्ण रात्र होती. म्हणजे पंधरा अदार. इंटरनेटवर इंग्रजी तारीख टाकून हिब्रू तारीख काढता येते, पण सूर्यास्तानंतर का, हा प्रश्न तिथे वेगळा विचारलेला असतो आणि बरेच जण तो वाचतच नाहीत. दाखल्यावरची वेळ बघितल्याशिवाय तारीख ठरवू नये.

हिब्रूत आकडे अक्षरांनी लिहितात. पंधरा हा आकडा योद आणि ‘हे’, म्हणजे दहा आणि पाच, असा लिहिला तर ती देवाच्या नावाची अक्षरं होतात. म्हणून पंधरा नेहमी तेथ-वाव, नऊ आणि सहा, असा लिहितात. महिन्याचंही एक होतं. ५७८४ हे हिब्रू वर्ष अधिक महिन्याचं होतं. एकोणीस वर्षांत सात वेळा अदार दोनदा येतो, आपल्या पंचांगातल्या अधिकमासासारखा. आत्या दुसऱ्या अदारात गेली, तेव्हा नुसतं ‘अदार’ लिहून भागणार नव्हतं, ‘अदार शेनी’ असं पूर्ण लिहिलं. वर्ष ताव-शिन-पे-दालेथ, म्हणजे ७८४. वरचे पाच हजार लिहीत नाहीत, ते धरूनच चालतात.

आता कारागीर. त्यांच्याकडे बहुतेक काम ख्रिस्ती आणि मुसलमान कबरींचं. मेरी नाव ऐकून त्यांनी आधी क्रूस कसा हवा असं विचारलं. समजावून सांगितल्यावर त्यांनी दावीदाच्या ताऱ्याचा नमुना दाखवला, तो आम्ही घेतला. अश्दोदच्या वहिनीनं पाठवलेल्या एका नमुन्यात आशीर्वाद देणारे दोन हात होते. ती खूण कोहेन, म्हणजे पुरोहित, घराण्यांची, आणि बेने इस्राएलांत परंपरेनं कोहेन नाहीत, म्हणून ती घेतली नाही. कारागीर उर्दू कोरतात, त्यामुळे उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी त्यांना नवी नव्हती. हात सुंदर होता. घोटाळा झाला तो कॉम्प्युटरवर. आम्ही पाठवलेला मजकूर त्यांच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला तेव्हा प्रत्येक शब्दाची अक्षरं उलटी झाली. पडद्यावर बघितलं तर ओळ नीटच दिसत होती, तीच अक्षरं, तीच लांबी. माझं लक्ष गेलं ते मिर्याममुळे. मेम हे अक्षर शब्दाच्या शेवटी आलं की चौकोनासारखं बंद होतं, एरवी खाली डावीकडे उघडं असतं. मिर्याममध्ये दोन मेम आहेत, उजवीकडचा उघडा आणि डावीकडचा बंद असायला हवा. तिथे बंद मेम उजवीकडे, शब्दाच्या सुरुवातीला बसला होता. हिब्रू न येणाऱ्या माणसालासुद्धा ही तपासणी करता येते, म्हणून मुद्दाम लिहिते.

त्यानंतर आम्ही टाइप केलेला मजकूर देणं बंद केलं. दादानं सगळ्या सहा ओळी चित्राच्या स्वरूपात करून पाठवल्या, म्हणजे अक्षरं जागची हलणार नाहीत. त्याची दगडाच्या मापाची छपाई काढली आणि तीच दगडावर चिकटवून छाप घेतला. छिन्नी लावायच्या आधी मी आणि पप्पा कारखान्यात जाऊन बसलो. दालेथ आणि रेश शेजारी ठेवून कारागिरांना दाखवले. दालेथच्या वरच्या कोपऱ्याला मागे छोटं टोक असतं, रेशचा कोपरा गोल वळतो. आमच्या मजकुरात दोन्ही होते, नावात रेश, वर्षात दालेथ. ‘यिख्बे’ या शब्दात तर काफ आणि बेथ लागोपाठ येतात, आणि दोघांत फरक एवढाच की बेथची तळरेघ उजवीकडे जरा बाहेर येते. कारागिरांनी ती रेघ पेन्सिलनं दोनदा गिरवून घेतली आणि विचारलं, “एवढीच पुढे?” मी म्हटलं, एवढीच. त्यांनी ते अक्षर मशीनवर न करता हातानं कोरलं. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

हिब्रूच्या खाली मराठी आहे: नाव, घरचं नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि तेच वचन आमच्या शब्दांत, ‘रात्रीही तिचा दिवा मालवत नाही’. कुणीतरी नावाआधी ‘कै.’ लावायला सुचवलं होतं, ते पप्पांना पटलं नाही. इंग्रजी घातलं नाही. आत्याच्या वॉर्डातल्या मावश्या आणि आया अजून तिच्या आठवणीनं येतात, त्यांना मराठी वाचता येतं, तेवढं पुरे.

वर्षाची तिथी १५ मार्च २०२५ ला आली, शनिवारी. शब्बाथला दफनभूमीत जात नाहीत, म्हणून दगड दुसऱ्या दिवशी, रविवारी बसवला. मिन्यानसाठी, म्हणजे सामूहिक प्रार्थनेसाठी लागणारे दहा पुरुष जमतील की नाही याची धाकधूक होती. शेवटचे दोघे ठाण्याहून आले. पप्पांनी कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठी घरच्यांनी म्हणायची प्रार्थना, म्हटला. हज्जानकाकांनी हश्काबा सुरू करण्याआधी दगडावरच्या सहाही ओळी मोठ्यानं वाचल्या, एकेका अक्षरावर बोट ठेवून. ‘यिख्बे’पाशी थांबून त्यांनी बेथची तळरेघ नखानं चाचपली आणि पुढे गेले. दुपारी घरी मलिदा केला, पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, आणि ताटात सब्जाची डहाळी. कारागीरही आले होते, त्यांनी दोनदा मागून घेतला.

दगडाचा फोटो अश्दोदला गेल्यावर दादाचा फोन आला. काकांचा, म्हणजे त्याच्या वडिलांचा दगड तिकडे आहे आणि त्यावर फक्त हिब्रू आहे. खाली एक मराठी ओळ घालायची त्याची इच्छा आहे. तिथल्या कारागिरानं नमुना करून पाठवला, त्यात शिरोरेखा अक्षरागणिक तुटली होती आणि ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षराला जाऊन चिकटली होती. मी त्याला दगडाच्या मापाचं चित्र करून पाठवणार आहे. काकांचं गावातलं नाव घालायचं की कागदावरचं, यावर पप्पांचं आणि दादाचं अजून एकमत व्हायचंय.